अप-डाऊन की होस्टेल? खान्देशातल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हे कसं ठरवावं

कॉलेज ठरलं की घरात लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: रोज जाणं-येणं करायचं की तिथेच राहायचं? बहुतेक घरांत याचं उत्तर किलोमीटरवरून दिलं जातं. ‘तीस किलोमीटर तर आहे, अप-डाऊन करेल पोरगं.’ इथेच हिशेब चुकतो. पाचोऱ्याहून जळगाव रेल्वेने ४५ किलोमीटरच्या वर आहे, तरी स्टेशनजवळ राहणाऱ्याला ते जमतं. उलट दिवसातून दोनच एसटी येणाऱ्या आडगावातून २० किलोमीटरवरचं कॉलेजही जड जातं. म्हणून अंतर बाजूला ठेवा आणि आधी दोन गाड्या शोधा.

पहिली गाडी आणि शेवटची गाडी

पहिल्या तासाच्या निदान वीस मिनिटं आधी कॉलेजच्या दारात पोचवणारी सकाळची गाडी कोणती? आणि कॉलेजच्या शहरातून संध्याकाळी सुटणारी, थेट तुमच्या गावात येणारी शेवटची गाडी कोणती? फाट्यापर्यंत येणारी इथे धरू नका. फाट्यापासून गाव तीन किलोमीटर असेल तर पावसाळ्यात आणि अंधारात ते तीन किलोमीटरच सगळ्यात अवघड असतात.

गावात मुक्कामी गाडी येत असेल तर सोय चांगली आहे. ती रात्री येते, चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. पण संध्याकाळी ती आली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळचीही फेरी गेली, कारण दोन्ही फेऱ्या एकाच गाडीच्या आहेत. तेव्हा तिच्याशिवाय दुसरा मार्ग काय, हे आधीच ठरवून ठेवा: शेजारच्या गावाची गाडी, काळी-पिवळी, नाहीतर फाट्यापर्यंत सोडणारं घरातलं कुणी.

वेळापत्रक स्टँडवरच्या फलकावरून उतरवून घेऊ नका. ते जुनं असू शकतं. आगारात चौकशीच्या खिडकीवर, म्हणजे वाहतूक नियंत्रकाकडे, तीन गोष्टी विचारा. ही फेरी बारमाही आहे की फक्त शाळा चालू असताना? रविवारी आणि सुटीच्या दिवशी असते का? साधी गाडी आहे की जलद, आणि आपल्या थांब्यावर थांबते का? पहिला प्रश्न विसरू नका. शाळेच्या फेऱ्या आणि मानव विकासच्या (शासनाने शाळकरी मुलींसाठी सोडलेल्या) गाड्या शाळेच्या वेळेवर धावतात आणि शाळांना सुटी लागली की बंद होतात. तुमची परीक्षा मात्र नेमकी एप्रिल-मे महिन्यात असते.

प्रवेश पक्का करण्याआधी घड्याळ लावून एक फेरी

हे काम मुलानेच करावं. वडिलांनी मोटारसायकलवर नेऊन आणलेली फेरी मोजायची नाही. शाळा-कॉलेजं सुरू असतील असा कामाचा दिवस निवडा. शक्य असेल तर तुमच्या तालुक्याच्या बाजाराचा दिवस धरा, म्हणजे गाडी किती भरते ते दिसेल. घरातून निघण्यापासून वर्गाच्या दारापर्यंत प्रत्येक टप्प्याची वेळ मोबाईलवर लिहून ठेवा आणि येतानाही तसंच करा.

अशी एखादी नोंद कशी दिसते ते पाहा. घर ते फाटा १५ मिनिटं, फाट्यावर वाट पाहणं २०, एसटी ५५, स्टँड ते कॉलेज २०. झाले १ तास ५० मिनिटं. येताना स्टँडवर ३५ मिनिटं थांबावं लागलं तर २ तास ५ मिनिटं. म्हणजे दिवसाचे जवळजवळ चार तास, आणि महिन्याला २२ दिवस धरले तर ८८ तास. यातले ५५ मिनिटांचे दोन तुकडे बसायला जागा मिळाली तर वाचनाला उपयोगी पडतात, उभं राहून नाही. त्यामुळे जाताना आणि येताना जागा मिळाली का, तेही लिहा. ज्याचं गाव मार्गाच्या सुरुवातीला आहे त्याला सकाळी जागा मिळते. मधल्या फाट्यावरून चढणाऱ्याला सहसा मिळत नाही. त्याच एसटीत दोघांचा दिवस वेगळा जातो.

जळगावच्या विद्यापीठात, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा बांभोरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा परिसर शहरात नाही. तो गिरणेच्या पलीकडे, धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. एरंडोल, पारोळा किंवा धरणगाव-पाळधीकडून येणाऱ्याला तो जळगावच्या आधीच लागतो. गाडी तिथे थांबत असेल तर शहरात शिरायचं कामच नाही. भुसावळ किंवा रावेरकडून येणाऱ्याला मात्र आधी जळगाव गाठायचं आणि मग शहर ओलांडून पुन्हा पुढे जायचं. भुसावळ-जळगाव रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास होतं, म्हणून सोपं वाटतं. पण स्टेशनवरून बांभोरीला पोचायला तेवढाच वेळ किंवा जास्त धरा. नकाशावरचं अंतर दोघांचं सारखं दिसलं तरी रोजचा त्रास सारखा नसतो. आणि सगळ्याच गाड्या विद्यापीठाच्या गेटवर थांबत नाहीत. चढण्याआधी वाहकाला विचारून घ्या.

असंच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं. त्या मोठ्या रस्त्याने भरभर जातात, पण गावात न शिरता बाहेरच्या फाट्यावर उतरवतात. तिथून रिक्षा भरेपर्यंत थांबणं हासुद्धा प्रवासच आहे; तोही लिहा.

आता आकडा बघा. एका बाजूने दारापासून दारापर्यंत तासाभरात होत असेल आणि संध्याकाळी एकापेक्षा जास्त गाड्या असतील, तर खुशाल अप-डाऊन करा. दीड तासाच्या वर जात असेल तर राहायची सोय बघा, मग ती होस्टेल असो की खोली. मधल्या अर्ध्या तासातल्या मंडळींना पुढचे मुद्दे तपासावे लागतील. दोन गाड्या बदलाव्या लागत असतील तर मनाने अर्धा तास वाढवून धरा, कारण पहिली दहा मिनिटं उशिरा आली की दुसरी चुकते आणि दहा मिनिटांचा उशीर तासाभराचा होतो.

धडगाव, मोलगी या भागातल्या मुलांनी नंदुरबार किंवा शहाद्याच्या कॉलेजसाठी अप-डाऊनचा विचारच करू नये. घाटरस्ता, पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी आणि मोजक्या गाड्या यांत वर्ष जातं. तिथे प्रश्न फक्त वसतिगृह कुठलं, एवढाच आहे.

कोर्स कोणता यावर अर्धं उत्तर ठरतं

बी.ए., बी.कॉम.चे तास बऱ्याच कॉलेजांत सकाळच्या सत्रात असतात. सात-साडेसातचा पहिला तास आणि बारापर्यंत मोकळं. अशा वेळी अडचण सकाळच्या गाडीची असते. परतीला दुपारी गाड्या मिळतात. बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलच्या दिवशी दुपार जाते, म्हणून वेळापत्रकात प्रॅक्टिकल कोणत्या वारी आणि किती वाजता संपतात ते बघा. आठवड्यात असे दोनच दिवस असतील तर निभावता येतं.

इंजिनिअरिंग, फार्मसीला दहा ते पाच असा दिवस असतो आणि सबमिशनच्या आठवड्यात पाचचे सात होतात. प्रोजेक्ट गटात करायचा असतो. गटातले चौघे होस्टेलवर आणि पाचवा सहाच्या गाडीने निघणारा असेल, तर पाचव्याच्या वाट्याला फाईलची मुखपृष्ठं चिकटवणं येतं आणि शिकणं बाकीच्यांच्या वाट्याला. पहिलं वर्ष अप-डाऊन केलं तरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी राहणं जास्त गरजेचं होतं, हे पैशांची तजवीज करताना धरून चाला. नर्सिंग आणि मेडिकलला दवाखान्यातल्या ड्युट्या असतात. तिथे राहण्याला पर्याय नाही. कृषीच्या मुलांनाही सकाळी लवकर शेतावरचं काम असतं, तेव्हा कॉलेजच्या होस्टेललाच प्राधान्य द्यावं.

हजेरीचा नियमही इथेच बघायचा. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते. रोज पहिला तास हुकत असेल आणि तो एकाच विषयाचा असेल, तर एकूण हजेरी ठीक दिसते, पण त्या एका विषयाची शून्यावर येते, आणि हजेरी विषयवार मोजली जाते. गाडीच्या वेळेमुळे पहिला तास कायमचा बुडणार असेल, तर ते अप-डाऊन जमत नाही असंच समजा.

पैशांचा हिशेब

एसटीचा विद्यार्थी मासिक पास ६६.६६ टक्के सवलतीत मिळतो, म्हणजे भाड्याचा साधारण एक तृतीयांश भार तुमच्यावर. कॉलेजचं बोनाफाईड, आधार आणि फोटो लागतो. हा पास साध्या गाडीसाठी आहे हे लक्षात ठेवा. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. त्यापुढच्या मुलींना दोन वाटा आहेत: विद्यार्थी पास किंवा १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना मिळणारं अर्धं तिकीट. रोज जायचं असेल तर पास स्वस्त पडतो. आठवड्यातून तीनच दिवस जायचं असेल तर आकडेमोड करा. पूर्ण तिकीट ६० रुपये असेल तर अर्ध्या तिकिटात जाऊन-येऊन ६० रुपये, महिन्यात १२ दिवस गेलं तर ७२० रुपये. आगारातून पासची रक्कम विचारा आणि कमी असेल ते घ्या.

चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ या मुख्य लाईनवर, किंवा नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या सुरत-भुसावळ लाईनवर घर असेल तर रेल्वे पासला तोड नाही. घर ते शिक्षणसंस्था यासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत सेकंड क्लासचा मासिक पास मोफत मिळतो. यासाठी कॉलेजकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला घेऊन स्टेशनवर द्यावा लागतो. साधं बोनाफाईड नेलं की परत पाठवतात आणि एक दिवस वाया जातो. पदवीच्या मुलांनी तीन महिन्यांचा पास काढावा, तो तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो.

रेल्वेच्या पासात दोन जागी फसगत होते. पास आरक्षित डब्यात चालत नाही. ‘दोन स्टेशनांचा तर प्रश्न’ म्हणून स्लीपरमध्ये चढलं की भाड्यातला फरक आणि दंड भरावा लागतो. आणि सुपरफास्ट गाडीला वेगळा अधिभार असतो. गाडी निवडताना ती तुमच्या पासात बसते का, हे बुकिंग खिडकीवर विचारून घ्या. शिवाय रेल्वेने दुरुस्तीसाठी ब्लॉक घेतला, म्हणजे मार्ग काही तास बंद ठेवला, की सगळ्यात आधी रद्द होतात त्या पॅसेंजर आणि मेमू, म्हणजे तुमच्याच गाड्या. रेल्वेवर अवलंबून असलेल्याने एसटीचा एक पर्याय पाठ ठेवावा.

मोटारसायकलचा हिशेब घरात कुणी मांडत नाही, म्हणून इथे मांडतो. एका बाजूने ३५ किलोमीटर, रोजचे ७०. गाडी लिटरला ५० देते असं धरलं तर रोज १.४ लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर रोज १४७ आणि २२ दिवसांचे ३,२३४ रुपये. ऑइल, टायर, पंक्चर वेगळं. एवढ्यात लहान शहरात दोघांत घेतलेल्या खोलीचं भाडं निघतं आणि मेसलाही थोडा हात लागतो. आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट रस्त्याची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात संध्याकाळी सहा-साडेसहालाच अंधार पडतो; मागे लाल दिवा नसलेल्या कापसाच्या आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात; पहाटे गिरणा-तापीच्या पट्ट्यात धुकं उतरतं. महामार्गावर रोज ७० किलोमीटर दुचाकी चालवणं हा अप-डाऊनचा मार्ग म्हणून धरू नका. फाट्यापर्यंत नेऊन तिथे ओळखीच्या दुकानात लावायला गाडी वापरा, तेवढं ठीक.

आता राहण्याचा खर्च. फी किंवा भाडं, मेस आणि अनामत रक्कम हे तीन आकडे सगळे विचारतात. सुटतात ते असे: गादी, बादली, कूलरचं वेगळं वीजबिल, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हाचं जेवण, धुणं, घरी जाण्या-येण्याचं भाडं. महिन्याच्या आकड्यात या सगळ्यासाठी पाचवा हिस्सा वाढवून धरा. आणि खोलीचं भाडं सहसा अकरा महिन्यांचं द्यावं लागतं, कॉलेज मात्र नऊ-दहा महिनेच भरतं.

दुसऱ्या पारड्यात शासनाच्या योजना टाका. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथे प्रवेश मिळाला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, अनुसूचित जमातीला स्वयम्, इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजनांतून राहण्या-जेवणाची रक्कम थेट खात्यात येते. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. या मदती घर सोडून राहणाऱ्यासाठी आहेत. ज्या गावात कॉलेज आहे तिथल्याच रहिवाशाला त्या मिळत नाहीत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतही वसतिगृहात राहणाऱ्याचा निर्वाह भत्ता घरून येणाऱ्यापेक्षा जास्त असतो, म्हणून महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरताना तो रकाना खरा भरा. मुलींसाठी आणखी एक: २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास घटकांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. होस्टेलचा खर्च त्यात नाही, पण जे वाचतं ते होस्टेलला लावता येतं.

जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतूवर रांग लागते. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही बघा. योजना मंजूर होऊन पैसे न येण्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. आणि रक्कम हप्त्यांनी, उशिरा येते. पहिले तीन-चार महिने खिशातून चालवता येतील एवढी तजवीज हवीच. शासकीय वसतिगृहाच्या याद्याही कॉलेज सुरू झाल्यावर टप्प्याटप्प्याने लागतात. तोवरच्या दोन महिन्यांसाठी नातेवाईक, अप-डाऊन किंवा महिन्याच्या बोलीवर खोली, यांपैकी काहीतरी ठरलेलं असू द्या.

होस्टेल किंवा खोली बघायला जाल तेव्हा

दुपारी तीन वाजता जा. त्या वेळी दोन गोष्टी खऱ्या कळतात: नळाला पाणी आहे का आणि खोली किती तापते. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि वार्षिक परीक्षा त्याच सुमाराला येते. वरच्या मजल्यावरच्या, स्लॅब थेट डोक्यावर असलेल्या खोलीत रात्री अकरापर्यंत भिंतीला हात लावला तरी चटका जाणवतो. पत्र्याच्या खोल्या तर भाडं निम्मं असलं तरी घेऊ नका. तळमजला किंवा मधला मजला, आणि समोरासमोर दोन खिडक्या किंवा खिडकी-दार असलेली खोली मागा. कूलरला परवानगी आहे का आणि त्याचं बिल कसं लावतात, हे मार्चमध्ये विचारून भांडण्यापेक्षा आताच विचारा.

पाण्याचं विचारताना ‘पाणी आहे ना?’ असं विचारू नका. उत्तर ‘आहे’च येतं. जळगाव, धुळे, भुसावळ यांपैकी कुठेच सगळ्या भागांत नळाला रोज पाणी येत नाही. तेव्हा असं विचारा: नळ किती दिवसांआड येतो, टाकी किती लिटरची, बोअर आहे का आणि तो एप्रिलमध्ये चालतो का, पिण्याचं पाणी वेगळं आहे का. मग तिथे राहणाऱ्या मुलाला, घरमालक नसताना, हेच प्रश्न पुन्हा विचारा. त्याचं उत्तर धरा.

मेसमध्ये एक वेळ पैसे देऊन जेवा, तेही रात्री. पाहुणे बघायला येतात ते दुपारी. आणि खाड्याचा नियम लिहून घ्या. खाडा म्हणजे जेवायला न आल्याचे दिवस. काही मेसवाले सलग तीन-चार दिवस गैरहजर असलात तरच पैसे कापतात, आणि तेही आधी सांगितलं असेल तर. दर शनिवार-रविवारी घरी जाणाऱ्याला या नियमात महिन्याचे आठ दिवस फुकट भरावे लागतात. अशा मुलाने पंचवीस दिवसांची किंवा कुपनची मेस शोधावी.

एसटीने घरून डबा पाठवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, आणि सकाळच्या थेट गाडीला ती चालतेही. डबा कापडात घट्ट बांधून त्यावर नाव, मोबाईल नंबर आणि उतरवायचं ठिकाण लिहा. गाडी सुटली की वाहकाच्या ओळखीवर न राहता मुलाला गाडीचा नंबर कळवा. होळीनंतर मात्र वरण आणि पातळ भाजी पाठवू नका, चार तासांत आंबते. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कोरडं पिठलं टिकतं. पण रोजच्या जेवणाची मदार डब्यावर नको. गाडी चुकली की मुलगा उपाशी राहतो किंवा वडापाव खातो.

अनामत दिल्याची पावती घ्या, भाडेकरार लिहून घ्या. योजनांचा अर्ज भरताना तोच पुरावा लागतो. पहिल्या दिवशी वीज मीटरचा आणि खोलीतल्या तुटक्या-फुटक्या वस्तूंचा फोटो काढा. होस्टेलला रेक्टर रात्री तिथेच राहतो का, गेट किती वाजता बंद होतं, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, हे विचारा. रॅगिंगविरोधी हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ मुलाच्या आणि आई-वडिलांच्या, दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

मुलीचा प्रश्न असेल तेव्हा

बरेच पालक मुलीला काळजीपोटी अप-डाऊन करायला लावतात: रात्री घरी असली की बरं. ही काळजी खरी आहे, पण धोका कुठे आहे ते नीट बघा. रेक्टर असलेल्या, कॉलेजच्या आवारातल्या मुलींच्या होस्टेलपेक्षा डिसेंबरात सात वाजता फाट्यावर एकटीने उतरणं जास्त धोक्याचं आहे. अप-डाऊनच करायचं तर फाट्यावर घ्यायला कोण येणार, त्याचं नाव आणि वेळ ठरलेली हवी. तो माणूस परगावी गेला तर दुसरा कोण, तेही. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी हीच तिची शेवटची गाडी धरा, म्हणजे एक फेरी हातात राहते. आणि प्रॅक्टिकल लांबलं तर एक रात्र राहता येईल असं मैत्रिणीचं घर किंवा होस्टेलची पाहुणी म्हणून सोय, वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा. हे काहीच जमत नसेल तर मुलीचं कॉलेज बदलण्याआधी होस्टेल बघा. ‘जवळच्या कॉलेजला जे मिळेल ते घे’ असं सांगून चांगला कोर्स सोडायला लावू नका, ही कळकळीची विनंती.

घरी राहायचं ठरलं तर घरच्यांशी बोलणी

अप-डाऊन करणारा मुलगा घरच्यांना दिसायला घरी असतो. त्यामुळे रात्री पाणी भरायला शेतात, सुटीच्या दिवशी फवारणीला, दिवाळीच्या पुढे-मागे कापूस वेचायला त्यालाच हाक जाते. शेतकऱ्याच्या घरात हे चुकीचं नाही, पण त्याचा हिशेब लागला पाहिजे. प्रवासात चार तास गेल्यावर त्याच्या हातात रात्री दोन आणि पहाटे एक असे तीनच तास उरतात. हे तीन तास कुणी मागायचे नाहीत, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेआधीचे पंधरा दिवस शेतात बोलवायचं नाही, एवढं आई-वडिलांनी तोंडाने कबूल करावं. गावात रात्री वीज जात असेल तर चार्जिंगचा दिवा आणि टेबल-खुर्ची घ्या. होस्टेलच्या एका महिन्याच्या खर्चात ते दोन्ही येतं.

वर्षातले अवघड दिवस

निर्णय नेहमीच्या दिवसावरून घेऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला की फरशी पुलावरून गाडी जात नाही; तुमच्या रस्त्यावर असा पूल आहे का, बघा. आषाढीला आगारातल्या गाड्या पंढरपूरला जातात आणि खेड्यांच्या फेऱ्या कमी होतात. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा भरते, तेव्हा शहादा-दोंडाईचा रस्त्यावर वेळेचा भरवसा नसतो. लग्नसराईत गाड्या भरून येतात आणि मधल्या थांब्यावर थांबतच नाहीत. निवडणुकीला गाड्या कामाला लागतात. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप महिनोन्महिने चालला, तेव्हा फक्त पासवर अवलंबून असलेल्यांचं सत्र अडचणीत आलं.

हे सगळे दिवस मिळून वर्षात फार तर महिनाभराचे होतील. ते परीक्षेवर आले नाहीत तर निभतं. परीक्षेच्या काळात मात्र, बाकी वर्षभर अप-डाऊन केलं तरी, शहरातच राहावं. चौघांत मिळून परीक्षेपुरती खोली घेतात, ती मार्चच्या सुरुवातीलाच बोलून ठेवावी लागते. परीक्षा केंद्र दुसऱ्या कॉलेजात असू शकतं; हॉल तिकीट हातात आलं की खोली केंद्राजवळ आहे ना, ते बघा.

पहिलं सत्र संपल्यावर पुन्हा बघा

दिवाळीच्या सुटीत चार आकडे काढा: विषयवार हजेरी, पहिल्या सत्राचे गुण, रोजची झोप किती तास झाली आणि महिन्याला खरोखर किती पैसे लागले. अप-डाऊन करणाऱ्याची झोप सहा तासांच्या खाली गेली असेल, किंवा एखाद्या विषयाची हजेरी ७५ च्या खाली असेल, तर दुसऱ्या सत्राला खोली शोधा. जानेवारीत काही मुलं होस्टेल सोडतात, रेक्टरकडे नाव लिहून ठेवलं की रिकाम्या कॉटसाठी फोन येतो. होस्टेलला राहणाऱ्याचं वजन उतरलं असेल, मेस सुटली असेल, किंवा तो दर आठवड्याला तीन-तीन दिवस घरीच असेल, तर त्याचेही पैसे वाया चालले आहेत. त्याने घरून येण्याचा विचार करावा. पण शासकीय वसतिगृहातली जागा सोडताना दहादा विचार करा, ती पुढच्या वर्षी परत मिळेलच असं नाही. खाजगी खोली सोडायची असेल तर महिनाभर आधी लेखी कळवा, मीटरचा फोटो पुन्हा काढा, आणि अनामत हातात पडल्यावरच किल्ली द्या.